साहेबाचे टायर, सवारीचे टायर

ज्यांच्या दारात चारचाकी उभी आहे, त्यांना एक सांगावंसं वाटतं. गाडीचं नोंदणीपत्र, ज्याला आपण अजून सवयीनं आरसी बुक म्हणतो, ते एकदा कपाटातून काढून नीट वाचावं. आता ते बुक राहिलेलं नाही, खिशात मावणारं एक कार्ड झालं आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत तर ते मोबाइलमध्येच जाऊन बसलं आहे. त्यावर मालकाचं नाव असतं, इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर असतो, गाडीचा रंग असतो. आणि बारीक अक्षरात एक तारीख असते : ही नोंदणी अमुक दिवसापर्यंत वैध. गाडी घेतली त्या दिवसापासून मोजून बरोबर पंधरा वर्षांनंतरची ती तारीख. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं खाजगी गाडीला दिलेलं हे पहिलं आयुष्य. ते संपलं की गाडी सरकारी निरीक्षकापुढे उभी करायची, त्यानं ती पाहायची, आणि ठीक असली तर आणखी पाच वर्षं. मग पुन्हा पाच.

याचा सरळ अर्थ असा की नव्या कोऱ्या खाजगी गाडीचे ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग हे सगळं ठाकठीक आहे की नाही, हे पहिली पंधरा वर्षं कायद्यानं कुणीही तपासत नाही. मूल जन्माला आलं आणि दहावीच्या वर्गात जाऊन बसलं, एवढा हा काळ. तेवढ्या काळात त्या मुलाची शाळेत किती वेळा वजनं-उंची झाली असेल, दात-डोळे बघून झाले असतील! गाडीचं मात्र कुणी तोंड उघडून पाहत नाही.

रिक्षा, टेम्पो, ट्रक, टॅक्सी यांचं तसं नाही. त्यांचं असतं पासिंग. सरकारी मराठीत त्याला योग्यता प्रमाणपत्र म्हणतात, पण हा शब्द मी आजवर एकाही ड्रायव्हरच्या तोंडून ऐकलेला नाही. 'गाडी पासिंगला टाकलीय', 'गाडी पास झाली', 'साहेबांनी नापास केली', ही खरी भाषा. इंग्रजी शब्दाला आपल्या माणसांनी शाळेच्या परीक्षेचं कुंकू लावून घरात घेतलं आहे, आणि कवी म्हणून मला त्याचं कौतुकच वाटतं. नव्या प्रवासी किंवा मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षं पासिंग लागत नाही. पुढं पूर्वी दरवर्षी लागायचं. २०१८ साली नियम बदलला. आता गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि त्यानंतर दरवर्षी.

आमचे अब्बा रिक्षा चालवत. त्यामुळे पासिंग हा शब्द मी बाराखडीच्याही आधी शिकलो असेन. वर्षातून एकदा आमच्या घरात पासिंगचा हंगाम यायचा. ईदच्या आधी भिंतींना चुना लागतो, तसा त्या आठवड्यात रिक्षाला रंग लागायचा. हुडाचं फाटलेलं रेक्झिन अम्मी दाभणानं शिवून द्यायची. मागचा लाल दिवा, जो अकरा महिने लागत नसे, तो बाराव्या महिन्यात लागायचा. हॉर्न वाजायला लागायचा. आम्ही भावंडं रॉकेलमध्ये चिंधी बुडवून चाकाच्या वाट्या घासत बसायचो. आणि आदल्या संध्याकाळी अब्बा तीन टायर घेऊन यायचे. चांगले, खोल नक्षीचे, काळेभोर. ते विकत आणलेले नसत. एका दुकानातून एका दिवसाच्या भाड्यानं आणलेले असत.

हे ऐकून कुणाला आश्चर्य वाटेल, पण मोटारीच्या धंद्यातल्या माणसाला मुळीच वाटणार नाही. पासिंगसाठी टायर भाड्यानं मिळत, दिवे मिळत, जी वस्तू कमी असेल ती मिळे. दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा पास होऊन यायची, आणि संध्याकाळच्या आत ते टायर काढून परत जायचे. त्यांच्या जागी पुन्हा आमचे जुने, हातानं चाचपले तर पोटरीसारखे गुळगुळीत लागणारे टायर. एका वर्षी मी विचारलं, अब्बा, हे चांगले टायर का काढायचे? अब्बांनी पाना फिरवता फिरवता सांगितलं, "बेटा, ये टायर साब के वास्ते हैं. वो टायर सवारी के वास्ते."

अब्बांच्या बोलण्यात विनोद नव्हता आणि लबाडीही नव्हती. तीन टायरांचे पैसे म्हणजे घरातलं महिन्याचं रेशन होतं. पण ते वाक्य माझ्या मनात राहिलं. पुढं कितीतरी सरकारी तपासण्या पाहिल्या. शाळांच्या, दवाखान्यांच्या, वसतिगृहांच्या. प्रत्येक ठिकाणी मला साहेबाचे टायर आणि सवारीचे टायर वेगवेगळे दिसले.

तपासणी ही एका दिवसाची गोष्ट झाली की ती अशीच होते. पण म्हणून तपासणीच नको, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. का नाही, त्याची एक हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार कवी एका तालुक्याच्या गावाहून कविसंमेलन आटोपून रात्री परत निघालो होतो. संयोजकांनी गाडी दिली होती, त्यांच्याच एका नातलगाची. ऐसपैस जीप, नवी सीटकव्हरं, पुढं काचेला झुलणारी झुंबरं. नंबरप्लेट पांढरी, म्हणजे खाजगी. पण गाडीची रोजची चाल सगळी वडापाची. सकाळी बाजारची माणसं, दुपारी कॉलेजची पोरं, लग्नसराईत वऱ्हाड, आणि त्या रात्री आम्ही कवी. घाटाचा उतार लागला. दोन वळणं गेली आणि ड्रायव्हरचा उजवा पाय भराभरा खालीवर होताना दिसला. शिवणयंत्रावर बसलेल्या माणसासारखा. मी पुढं बसलो होतो. विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "काही नाही सर, तीन-चार पंप मारले की धरतो."

धरतो म्हणजे ब्रेक. ब्रेकचं पायडल दाबलं की ते थेट तळाला जात होतं. तीन-चारदा मारल्यावर कुठं चाकं अडत होती. त्यानं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि इंजिनाच्या जोरावर, रांगत रांगत, आम्हाला खाली आणलं. गडी हुशार होता, यात शंका नाही. मागं बसलेले तिघे कवी गाढ झोपेत होते, त्यांना काहीच कळलं नाही. खाली सपाटीला एका टपरीवर चहाला थांबलो, तेव्हा मी त्याला विचारलं, या गाडीचं शेवटचं पासिंग कधी झालं? तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "पांढऱ्या पाटीला कसलं आलंय पासिंग, सर?"

गाडी नऊ वर्षांची होती. कायद्यानं तिला कुणी आणखी सहा वर्षं विचारणार नव्हतं.

पिवळ्या पाटीची रिक्षा, जी फार तर गावातल्या गावात चाळीसच्या वेगानं पळते, ती आठ वर्षांनंतर दरवर्षी निरीक्षकापुढे जाते. पांढऱ्या पाटीची मोटार हमरस्त्यावर शंभरनं पळते, तिला पंधरा वर्षं माफी आहे. यामागचं गणित असं सांगतात की खाजगी माणूस आपली गाडी जपतो आणि ती पळतेही कमी. पूर्वी ते खरं असेलही. आज घरापासून नोकरीच्या गावाला रोज शंभर किलोमीटर जाऊन येणारे किती लोक मला माहीत आहेत! गाडी पंधरा वर्षांची होईस्तोवर ती पृथ्वीला कितीतरी प्रदक्षिणा घालून आलेली असते.

"पण आम्ही पीयूसी काढतो की!" असं पुष्कळ जण म्हणतात. पीयूसी काढली की गाडी तपासून झाली, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. पीयूसी गाडीच्या फक्त श्वासाची तपासणी करते. पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन किती, डिझेल गाडीचा धूर किती दाट, एवढंच ती पाहते. ब्रेक, टायर, दिवे यांच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. नवी गाडी एक वर्षाची झाली की पीयूसी लागते. भारत स्टेज चार किंवा सहा या मानकाची गाडी असेल तर तिची मुदत एक वर्ष, त्याहून जुन्या मानकाची असेल तर सहा महिने. भारत स्टेज चार देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. मुंबई, पुणे आणि सोलापूर या शहरांत मात्र ते २०१० पासूनच होतं. आपली गाडी कुठली, हे नोंदणीपत्रावर लिहिलेलं असतं. पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पीयूसीतही साहेबाचे टायर आहेतच. एका केंद्रावर मी गेलो, तर आतल्या मुलानं नळी बाहेरसुद्धा काढली नाही. नंबर विचारला, प्लेटचा फोटो काढला आणि कागद हातात ठेवला. मी म्हटलं, बाबा रे, धूर तरी बघ. तर म्हणतो, "काका, तुमची गाडी बरी दिसतेय." वैदूनं नाडी न बघताच पुडी बांधून द्यावी तसं झालं. मी आग्रह धरल्यावर त्यानं नळी लावली, आणि धुराचं प्रमाण मर्यादेच्या अगदी काठावर निघालं. एअर फिल्टर धुळीनं बुजला होता. बदलल्यावर गाडी हलकी पळायला लागली आणि पेट्रोलही कमी खायला लागली. म्हणजे खरी तपासणी झाली तर फायदा आपलाच, त्या मुलाचा नाही आणि सरकारचाही नाही.

आता पंधरा वर्षांनंतरच्या त्या पहिल्या हजेरीविषयी सांगतो, कारण यातून मी गेलो आहे. आमची मारुती आठशे नोव्हेंबर २००६ ची. तिची पंधरा वर्षं नोव्हेंबर २०२१ मध्ये भरली. मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो, नमुना पंचवीस. आता तो ऑनलाइन भरतात आणि तारीख घेतात. विमा चालू पाहिजे, पीयूसी चालू पाहिजे, दंडाच्या पावत्या थकलेल्या नकोत, आणि महाराष्ट्रात पुढच्या पाच वर्षांचा पर्यावरण कर भरावा लागतो. अलीकडे त्यात उच्च सुरक्षा नंबरप्लेटची भर पडली आहे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही ती आता बसवून घ्यावी लागते.

ठरलेल्या दिवशी गाडी मैदानात नेऊन उभी करायची. तिथं एक गोष्ट मला फार आवडली. चेसिसवर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घासतात, आणि नंबर कागदावर उमटतो. लहानपणी आपण नाण्यांचे छाप घ्यायचो, अगदी तसंच. इतकं संगणकीकरण झालं, पण गाडी तीच आहे हे सिद्ध करायला अजून शिसपेन्सिल लागते! मग निरीक्षक दिवे लावायला सांगतात, हॉर्न, वायपर, ब्रेकचा दिवा, सीटबेल्ट, टायर पाहतात. आमच्या गाडीला दहा मिनिटं लागली असतील. पास झाली. फी होती सहाशे रुपये.

ती सहाशेची शेवटची शेवटची वर्षं होती. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला पाच हजार रुपये झाले आणि दुचाकीला तीनशेचे हजार. उशीर केला तर मोटारीला दरमहा पाचशेचा भुर्दंड वेगळा. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक पायरी चढली : वीस वर्षांपुढच्या मोटारीला दहा हजार, दुचाकीला दोन हजार. सहाशेवरून दहा हजार, एकाच माणसाच्या एकाच गाडीला, दोन हजेऱ्यांच्या मधे. सरकारनं असं का केलं, ते लपवलेलंही नाही. जुनी गाडी रस्त्यावरून जावी, हीच इच्छा आहे. २०२१ साली मोडीचं धोरण आलं. नोंदणीकृत मोडकेंद्रात गाडी दिली की ठेव-प्रमाणपत्र मिळतं, आणि ते दाखवून नवी खाजगी गाडी घेतली तर वाहनकरात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट देता येते. सरकारनं स्वतःलाही हा नियम लावला. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुन्हा करायची नाही असं ठरलं.

इथं माझं मत थोडं वेगळं आहे. गाडीचं वय आणि गाडीची प्रकृती या दोन गोष्टी आहेत. दिल्लीनं वयाचा रस्ता धरला. हरित लवादाच्या आदेशांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं तिथं दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी बाद ठरली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा हुकूम निघाला, लोक खवळले, आणि काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं नुसत्या वयावरून मालकांवर कारवाई करू नका असं सांगितलं, आणि डिसेंबरात ते संरक्षण भारत स्टेज चार आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. दिल्लीच्या हवेचं दुखणं मोठं आहे, त्यावर मी इथं बसून बोलणं बरं नाही. पण आठवड्यातून एकदा निघणारी, नीट राखलेली गाडी आणि सहा वर्षांत पार खिळखिळी झालेली गाडी, या दोघींना जन्मतारखेवरून निकाल लावणं मला पटत नाही. महाराष्ट्रात खाजगी गाडीला अशी वयाची बंदी नाही. मुंबईच्या टॅक्सीला मात्र आहे, वीस वर्षांची. त्या नियमानंच ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली आणि तिच्यावर कितीतरी लोकांनी कविता केल्या.

गंमत म्हणजे तुमची गाडी पन्नास वर्षं टिकली, तर २०२१ च्या नियमानं तिला 'व्हिंटेज' म्हणून मानाची वेगळी नंबरप्लेट मिळते. पंधरा ते पन्नास एवढाच काळ काय तो संशयाचा. मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे, त्यामुळे डॉक्टर माझ्याकडे आता नेमके कोणत्या नजरेनं पाहतात ते ठाऊक आहे.

माझा एक भाचा इंग्लंडात असतो. तिथल्या पद्धतीचं तो कौतुक करतो, आणि त्यातलं एक मला खरोखर घेण्यासारखं वाटतं. तिथं १९६० साली ही तपासणी सुरू झाली. सुरुवातीला दहा वर्षांच्या गाड्यांना होती. मग वय उतरवत उतरवत १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणलं. म्हणजे आज तिथं गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी. त्या खात्याच्या नावाची आद्याक्षरं, एमओटी, हीच आता तपासणीचं नाव होऊन बसली आहेत. पण घेण्यासारखं ते नव्हे. तिथल्या तपासणीत पास आणि नापास यांच्या मधे एक सूचना असते : अमुक टायर अजून चालेल पण झिजत आला आहे, तमुक पाइपाला गंज धरू लागला आहे. आणि हा सगळा इतिहास त्या गाडीच्या नंबरावर कुणालाही पाहता येतो. जुनी गाडी घेणारा माणूस घरी बसून पाहतो की गेल्या पाच वर्षांत हिच्या ब्रेकबद्दल काय काय लिहिलं गेलं. आपल्याकडे जुनी गाडी घेताना माणूस दलालाच्या चेहऱ्याकडे पाहतो.

आपल्याकडे काहीच हललं नाही असं मात्र नाही. पुण्याच्या एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं बजावलं, तेव्हा कुठं राज्यात ब्रेकच्या चाचणीसाठी अडीचशे मीटरचे मार्ग तयार झाले. त्याआधी पुष्कळ ठिकाणी उभ्या गाडीचे ब्रेक तपासले जात होते! सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम निघाले. अशा केंद्रात गाडीची चाकं रुळांवर चढवतात, रूळ फिरतात आणि ब्रेक दाबला की प्रत्येक चाकाची पकड यंत्रावर दिसते. डावं चाक जास्त धरतंय, उजवं कमी, हे तिथं लपत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते ती याच कारणानं, आणि ओल्या रस्त्यावर उलटते तीही याच कारणानं. यंत्राला साहेब म्हणता येत नाही आणि चहाही पाजता येत नाही, ही त्यातली मोठी सोय. भाड्याचे टायर मात्र यंत्रालाही ओळखता येत नाहीत. तिथं मालकाच्या मनाशीच गाठ आहे.

आणखी एका नियमाबद्दल बोलायलाच हवं, कारण तो खाजगी गाडीलाही लागू आहे आणि फार लोकांना ठाऊक नाही. सीएनजी गाडीची टाकी दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घ्यावी लागते. टाकी गाडीतून उतरवतात, पाणी भरून तिच्यावर मोठा दाब देतात आणि ती किती फुगते ते मोजतात. ही केंद्रं मान्य करणारं केंद्र सरकारचं खातं आपल्या नागपुरात आहे. टाकीत दोनशेपट हवेच्या दाबानं वायू कोंबलेला असतो. डिकीत, पोराबाळांच्या पाठीमागे. एक मुलगी शाळेत सोडायला निघालेल्या बापाच्या गाडीत ती बसलेली असते, आणि तिच्या मागे चार बोटांवर ती टाकी. पंपावरची मुलं तारखेची पट्टी बघतात तेव्हा त्यांच्यावर डाफरू नका.

नोंदणीची मुदत संपली आणि तशीच गाडी चालवली, तर कायद्याच्या दृष्टीनं ती बिननोंदणीची गाडी. पाच हजारांपर्यंत दंड पहिल्या खेपेला. पण दंड ही त्यातली लहान गोष्ट. अपघात झाला, गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी पहिल्यांदा तीच तारीख बघते. नोंदणीची तात्पुरती मुदत संपलेल्या एका गाडीच्या चोरीचा दावा सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली नामंजूर ठरवला आहे. इतकी वर्षं भरलेले हप्ते एका तारखेपायी मातीत जातात.

सरकार पंधरा वर्षं विचारत नाही, म्हणून आमच्या मिस्त्रींनी मला काही सवयी लावल्या. त्यांचं शिक्षण चौथी, पण गाडीच्या बाबतीत मी त्यांच्यापुढे बिगरीतला. टायरच्या खोबणीत मधून मधून बारीक उंचवटे असतात. टायरची नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. नियमाप्रमाणे मोटारीला १.६ मिलिमीटर खोली लागते, आणि ते उंचवटे तेवढ्यावरच बेतलेले असतात. हे बघायला ना निरीक्षक लागतो ना चष्मा. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं, ते या आकड्यांवरून कळतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत राहतं, त्यामुळे दोनेक वर्षांनी ते बदलायचं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पायडल तळाला जातं. त्या रात्री घाटात आमचं जे झालं, त्याचं कारण मला मिस्त्रींकडून असं वर्षभरानं कळलं. मिस्त्री म्हणाले, "सर, अडीचशेचं तेल होतं. पाच माणसांचा जीव होता."

आमची आठशे येत्या नोव्हेंबर २०२६ ला वीस वर्षांची होते. मुलगा म्हणतो, अब्बू, दहा हजार फी, पर्यावरण कर, विमा, नंबरप्लेट, एवढ्यात गाडीची अर्धी किंमत निघून जाईल, मोडीत द्या. बायको म्हणते, हिच्यात बसून मी आईला शेवटचं भेटायला गेले होते. दोघांचंही खरं आहे. मी दोघांनाही सांगितलं, आधी मिस्त्रींना विचारू.

मिस्त्रींनी गाडी जॅकवर उचलली आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली शिरले. बराच वेळ नुसता टकटक आवाज येत होता. बाहेर येऊन म्हणाले, इंजिन अजून घोड्यासारखं आहे, ब्रेकचे पाइप मात्र चारही बदला. आणि ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा सडत आलाय, स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. तिथं नुसती ठिगळपट्टी आणि काळा रंग मारून पासिंगपुरतं भागवता येईल, कुणाला कळणार नाही. नाहीतर सडलेलं सगळं कापून नवा पत्रा वेल्डिंग करावा लागेल, त्याला चार दिवस आणि बरेच पैसे.

मी म्हटलं, कापा.